एका ताटातल्या

सारवलेल्या जमिनीवरून पितळी ताट खरखरत सरकलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. सासूबाईंचं, म्हणजे गोजरआत्यांचं, जेवण झालं होतं. त्यांनी ताट माझ्याकडं ढकललं. कडेला भाकरीचा चुरा, मधे कालवणाचा ओघळ. मी ते धुतलं नाही. धुवायचं नसतंच. त्यातच वाढून घेतलं. माझ्यानंतर माझी धाकटी जाऊ, स्वप्नाली, त्याच ताटात.

निमगाव केतकीच्या पुढं, कालव्याला लागून आमची वस्ती. सासऱ्यांच्या वेळी मेंढरं होती, आता वांगी आणि टोमॅटो. पुरुष आधी जेवतात, घासलेल्या ताटांत. मग सासू. मग सुना, सासूच्या उष्ट्यात. म्हणजे म्हणे घर एक राहतं. माझी चार वर्षांची स्वराली तेवढी मांडीवर बसून आपल्या वाटीत खायची.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या उन्हाळ्यातली. स्वप्नालीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पाळी महिनोन्महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस आले होते, ते ती न्हाणीत बसून दोऱ्यानं उपटायची.

"महिपती, बायकूला दाढीचं सामान आणून दे की रं," आत्या म्हणाल्या.

महिपतीभावजी हसले. दुसऱ्या कोणाचं नाही, स्वतःच्या बायकोचं हसू येत होतं त्यांना.

"म्हायेराकडनंच खोटी आली ही, पोटात खोट घिऊन. औंदाची वांगी निघाली की लासुर्ण्याला बापाकडं नेऊन घाल. दुसरी बघू," आत्या पुढं म्हणाल्या.

स्वप्नालीचा घास ताटातच राहिला. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"आधी डॉक्टरला दाखवते. मग बोला."

"दाखव की. तूबी दाखवून घे. एका पोरीवर अडलीयास."

स्वरालीला कडेवर घेऊन मी स्वप्नालीला बारामतीला नेलं. एसटीत ती पदरानं हनुवटी झाकून बसली होती. दवाखान्यात तपासायला एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं.

"अंडाशयांत गाठी आहेत, दोन्हीकडं. त्यानं पाळी लांबते, केस येतात. पुष्कळ बायकांना असतं. हिचा ह्यात काडीचा दोष नाही," त्या म्हणाल्या. मग रक्ताचा रिपोर्ट बघत थांबल्या. "ह्यावरून पोटात जंतही असावेत. तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी ना?"

"नाही, जावा. मी सुप्याची, ही लासुर्ण्याची."

"मग हे कसं?"

त्यांनी बोट दाखवलं. स्वप्नालीच्या डाव्या कानापुढं, केसांच्या कडेला, सुईनं टोचल्यासारखं बारीक छिद्र होतं. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. माझ्याही कानापुढं तसंच होतं. तिथंच.

"हे जन्मतःच असतं, रक्तानं घराण्यात येतं. मोठेपणी होत नाही."

"मला नव्हतं," स्वप्नाली म्हणाली.

मलाही नव्हतं. माहेरी माझी वेणी आई घालायची. तिनं पाहिलं नसतं?

त्यांनी मलाही टेबलावर घेतलं. पडद्यावर काळे गोल मणी, कडेनं माळेसारखे. बाईंनी चित्र थांबवलं, शेजारी स्वप्नालीच्या सोनोग्राफीचा फोटो धरला. मणी तेच. जागा त्याच.

आणि थांबवलेल्या चित्रात एक मणी शेजारी सरकला.

बाईंनी मशीन बंद केलं. "जुनं झालंय," म्हणाल्या, आणि कोरडे हात पुसत राहिल्या. स्वप्नालीला पाळीच्या गोळ्या दिल्या, घरातल्या सगळ्यांना जंतांचं औषध.

परत येताना भीतीपेक्षा मला संतापच जास्त आला होता. मी बारावी सायन्स झालेली बाई. जे दिसलं ते मला कळत नव्हतं, पण ते कुठून आलं हे कळत होतं.

घरात शिरल्या शिरल्या मी आत्यांचा पदर मागं सारला. त्यांनी मला अडवलं नाही. डाव्या कानापुढं तेच छिद्र.

"लग्नात होतं हे?"

त्यांनी पदर परत कानावर ओढला. मग म्हणाल्या, "न्हवतं."

"मग?"

"माज्या सासूलाबी हुतं." आवाज एकदम बारीक झाला. "तीबी मला खोटीच म्हनायची."

"आणि तेच तुम्ही हिला म्हणता? धडधाकट पोरगी आणायची, तिला हे दुखणं ह्याच घरानं द्यायचं, आणि दोष तिच्या आईबापाच्या दारात टाकायचा? गाठी आमच्या पोटात, केस आमच्या तोंडावर, आणि हसणार कोण, तर भावजी! त्यांच्या कानापुढं आहे काही? घासलेल्या ताटात जेवतात ते!"

भावजी दारात उभे होते. हसायला लागले.

"दात काढू नगंस," आत्या त्यांच्यावर ओरडल्या. "स्वप्नाली कुटं जायाची न्हाय."

त्या दिवसापासून ज्याचं त्याचं ताट वेगळं झालं. पितळी ताट आत्यांनी स्वतः मोडीत घातलं. सगळ्यांनी औषध घेतलं. पुढं स्वप्नालीची पाळी आली, आणि ती न्हाणीतनं हसतच बाहेर आली. स्वरालीच्या कानापुढं मी रोज बोट फिरवून बघायची. कातडी गुळगुळीत. मला वाटलं, जिंकले.

वीज रात्रीचीच यायची, म्हणून पुरुष मोटरीवर जायचे आणि आम्ही बायका अंगणात ओळीनं निजायचो. एका सकाळी मी स्वरालीची वेणी घालत होते.

"आई, झोपेत तू वळलीस की काकू पण वळते. आजी पण. एकदमच."

"उकडतं गं, बाळा."

"आणि तिघी माझ्याकडंच तोंड करता."

माझा हात थांबला.

"काल मी उठून आजीच्या पलीकडं जाऊन निजले," ती म्हणाली. "मग तिघी तिकडं वळलात. का गं, आई?"