विहिरीतली निळी धार

"नवल, थुंक ते! आधी थुंक!" निर्मला ओरडली.

नवलने तोंडातलं पाणी फुर्रकन बाहेर टाकलं. "शी! सडक्या उसासारखं लागतंय!"

नाताळच्या सुट्टीत ही भावंडं धुळ्याहून तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या मळ्यात, रतिलालकाकांकडे आली होती. गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. पण विहिरीचं पाणी तांबूस झालं होतं आणि त्यावर फेस तरंगत होता. जसोदाकाकी पिण्याचं पाणी थेट तापीवरून आणत होत्या.

"काका म्हणतात, फुलीबाईनेच पाणी बिघडवलं," शेजारचा धुडकू हळूच म्हणाला. "ती विहिरीवर भांडी घासते ना! उद्या जीपने तिला तिच्या गावी, मोलगीला परत पाठवणार आहेत."

"आपल्या फुलीबाईला?" नवलचा आवाज चढला. गुऱ्हाळाच्या चुलाण्यात पाचट घालणारी फुलीबाई पोरांना रोज पळसाच्या पानावर गरम काकवी द्यायची. "अरे, तिची स्वतःची लहानगी पोर या पाण्याने आजारी पडलीय!"

"आणि भांडी ती दरवर्षी घासते," निर्मला म्हणाली. "यंदा नवीन काय आहे, ते शोधू या."

धुडकूने डोकं खाजवलं. "मळी! रस उकळताना वर येणारी घाण. आधी ती बैलगाडीने शेतात नेत. यंदा बैलांना उसंत नाही, म्हणून काका ती पलीकडच्या पडक्या आडात ओततात."

पोरं धावत काकांकडे गेली. काका पोट धरून हसले. "अरे पोरहो, तो आड तठे, मन्ही विहीर आठे! मळी काय जमिनीखालून चालत येस का?"

"येत असेल तर?" निर्मलेने विचारलं.

"तर मंग तुम्हीच मले दाखाडा!" काका मिशीत हसत निघून गेले.

निर्मलेचे डोळे चमकले. "धुडकू, तुझ्या वडिलांच्या दुकानात कपड्यांची नीळ असते ना?"

"ओल लागून वाया गेलेली पेटीभर आहे! बाबा फेकूनच देणार होते."

संध्याकाळी तिघांनी सगळी नीळ बादल्यांत कालवून आडात ओतली. नवलचे हात कोपरापर्यंत निळे! जसोदाकाकींनी विचारलं तेव्हा तो खुशाल म्हणाला, "चित्र काढत होतो!"

सकाळी मोट सुरू झाली. पाणी खाली गेलं, तसे विहिरीचे काळे खडक उघडे पडू लागले. तिघं काठावर पालथी पडून बघत होती. तिकडे फुलीबाई गाठोडं बांधून, पोरीला छातीशी धरून बसली होती. रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला!

"अजून काहीच नाही," धुडकू रडवेला झाला.

"थांब! तो झरा बघ, आडाच्या बाजूचा!" नवल किंचाळला.

खडकाच्या फटीतून निळी धार पाझरत होती!

"काका! लवकर या!"

रतिलालकाका वाकले. निळं पाणी त्यांनी नीट पाहिलं. मग सरळ फुलीबाईसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "बाई, चूक मन्ही शे. तुन्हावर उगाच आळ लिधा."

फुलीबाईने पदराने डोळे पुसले. "मग पहिलं माझ्या पोरीला डाक्टरकडे न्या," ती म्हणाली.

जीप मोलगीऐवजी शहाद्याच्या दवाखान्याकडे वळली!

काकांनी गुऱ्हाळ बंद ठेवलं. आडातली मळी उपसून शेतात खतासाठी पसरली. मोट रोज चालली. घाण पाणी दूर पडीक रानात सोडलं. धुडकू, नवल आणि निर्मला बैलांमागे हाका घालत फिरले. दवाखान्याच्या माणसाने विहिरीत लाल औषध टाकलं.

सुट्टी संपत आली तेव्हा तळाचे दगड दिसू लागले. आसपासच्या मळ्यांतले शेतकरीसुद्धा बघायला जमले. "ह्या पोरेस्नी आमले शिकाडं!" काका सगळ्यांसमोर म्हणाले. "आते मळी फक्त शेतात जाई!"

जसोदाकाकींनी पहिली कळशी फुलीबाईच्या हातात दिली. बरी झालेली तिची पोर आईच्या ओंजळीतलं पाणी चाटून खुदकन हसली.

"गोड आहे?" नवलने विचारलं.

पोरीने उत्तर म्हणून उरलेलं पाणी त्याच्याच तोंडावर उडवलं!