पत्रिकेची कोरी बाजू

जयवंता आणि झाडे सर यांची पहिली गाठ पडली ती वर्ध्यात, ताराचंदच्या रद्दीच्या दुकानात, आणि तीही भांडणाने. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. फाल्गुनातल्या भरदुपारी अवकाळी पावसाची सर आली, म्हणून ती आडोशाला शिरली. समोर इंग्रजी वर्तमानपत्रांचा एकच गठ्ठा होता. बँकेच्या परीक्षेसाठी हे बरं पडेल म्हणून तिने त्यावर हात ठेवला, तर पलीकडून आणखी एक हात आला.

"मले वाचाले पायजे," ती म्हणाली. "तुमाले?"

"मले... कापाले पायजे," तो ओशाळून म्हणाला.

वडनेरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. नाव तानबा झाडे आणि विषय इंग्रजी, म्हणून पोरं मागून हसायची. ते त्याला कळायचं, पण तो दाखवायचा नाही. एकाच अर्थाचे म्हणून सांगितलेले दोन इंग्रजी शब्द खरंच सारखे असतात का, यावर तो प्रबंध लिहीत होता. डिक्शनरी 'स्मॉल'लाही लहान म्हणते आणि 'लिटल'लाही लहानच. मग लोक कुठे हा वापरतात आणि कुठे तो? हे पाहायला तो छापलेली वाक्यं कापून जमवायचा, एका चिठ्ठीवर एक वाक्य. चिठ्ठीला जाड कागद लागतो, म्हणून त्याने ओळखीपाळखीच्या घरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या होत्या. पुढे गणपती, नवरानवरी आणि आप्तेष्टांची नावं. मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजी वाक्य.

तडजोड अशी ठरली की दुकानात येईल तो गठ्ठा आधी जयवंताने वाचायचा, त्यातली 'स्मॉल' आणि 'लिटल'ची वाक्यं पत्रिकांवर उतरवायची आणि मग पेपर पडताळायला त्याला द्यायचे. त्यामुळे दर आठवड्याला ती सिंदी मेघ्याहून सायकलने कॉलेजच्या वाचनालयात येऊ लागली. तो चिठ्ठी एका बोटाने तिच्याकडे सरकवायचा, हाताला हात लागू नये म्हणून. तिला उशीर झाला की तिचा चहा बशीखाली झाकलेला असायचा. एकदा तिने मुद्दामच विचारलं, की सगळ्यांचाच चहा असा झाकता का? त्याने चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत बसला.

कामात मात्र तो भारी कडक होता. एकदा तिने कंटाळून 'लिटल'चं एक वाक्य स्वतःच जुळवून दिलं. त्याने ते तिथेच परत केलं.

"घरचं वाक्य चालत नाई. आपल्या मनचं वाक्य आपल्याले पायजे तसंच निघते. पुरावा दुसऱ्याचा पायजे."

चिठ्ठ्या वाढत गेल्या तसं शब्दांचं गणगोत दिसू लागलं. 'स्मॉल'च्या शेजारी बचत, उद्योग, अल्पभूधारक. 'लिटल'च्या शेजारी पोरगी, घर, इवलासा हात. 'स्मॉल' मोजणाऱ्याचा आहे आणि 'लिटल' माया करणाऱ्याचा, असं जयवंता एकदा बोलून गेली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खाली बघून म्हणाला, की अजून उदाहरणं पायजेत.

त्याचं सगळंच असं होतं. जयवंताचा जीव त्याच्यावर जडला होता, हे तिने स्वतःशी कधीच कबूल केलं होतं. त्याचाही जडला आहे, हे तिला दिसत होतं. पण नुसतं दिसून काय उपयोग? त्याने तोंड तर उघडायला हवं ना!

दिवाळी झाली आणि हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत होता. तिच्या वडिलांनी, महादेवरावांनी, होकार देऊन टाकला. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. हे सांगायला ती गुरुवारी वाचनालयात आली.

ऐकून त्याने हातातली 'स्मॉल'ची चिठ्ठी 'लिटल'च्या खोक्यात टाकली. अशी चूक त्याच्याकडून कधी झाली नव्हती. मग त्याने विचारलं, मुलगा चांगला आहे ना?

जयवंताला रागही आला आणि रडूही. तिने समोरची एक पत्रिका उलटली. कोणा अनोळखी नवरानवरीची नावं होती, कोपऱ्यात हळदीचं बोट अजून पिवळं होतं.

"आता माही पत्रिका निघन," ती सावकाश म्हणाली. "मांगची बाजू कोरी ठेवाले सांगतो बाबाले. तुमच्या कामात येईन."

तो उठला. खिडकीशी गेला, परत आला.

"एक वाक्य आहे," तो म्हणाला. "पन छापलेलं नाई. घरचं आहे."

"घरचं चालत नाई म्हने."

"मले तू पायजे, जयवंता. याले उदाहरण नाई माह्याजवळ."

पहिल्यांदाच त्याने तिला 'तू' म्हटलं होतं. तिने डोळे पुसले.

"हेच उद्या बाबाले सांगजा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या घराच्या अंगणात उभा राहिला. महादेवराव संतापले नाहीत, पण त्यांनी बसाही म्हटलं नाही. दिलेला शब्द मोडायचा, तर कशाच्या जोरावर?

"तिले सुखात ठेवसान, याचा पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

दाराआड जयवंता ऐकत होती. पुराव्यावाचून एक ओळ न लिहिणारा माणूस आता काय बोलणार?

"पुरावा नाई," तानबा म्हणाला. "पुरावा जमेपर्यंत थांबलो असतो, तं ते गेली असती. म्हनून तसाच आलो."

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, तिथे लेकीची सावली हलत होती. "बसा," ते म्हणाले.

हिंगणघाटला निरोप पाठवताना त्यांची मान खाली गेली. ते त्यांनी पुढे कितीतरी दिवस बोलून दाखवलं आणि दोघांनीही मुकाट्याने ऐकून घेतलं.

लग्नाच्या पत्रिका छापायला टाकल्या तेव्हा जयवंता स्वतः छापखान्यात गेली. मागच्या बाजूवरही भरगच्च वेल छापून घेतली. उरलेल्या पत्रिका लग्नानंतर तानबाने उलटून पाहिल्या, हसला आणि कपाटात ठेवून दिल्या. त्यांवर दुसऱ्या कोणाचं वाक्य उतरवायला जागाच नव्हती.