सोडताना सांगायचं नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणसांवरही बेताचाच आहे, तेव्हा भुतांनी वाईट वाटून घेऊ नये. तो दिवा जरा इकडे सरकवा, बोलताना समोरच्याचं तोंड दिसलेलं बरं वाटतं मला. आणि मधेच ‘भास झाला असेल’ म्हणू नका. ते मी स्वतःला सांगून सांगून थकले आहे.

लकव्याचा झटका येऊन एक बाजू गेलेली माणसं पुन्हा चालायला कशी शिकतात, त्याचा अभ्यास हे माझं काम. फिजिओथेरपिस्ट मी, पण कित्येक वर्षं वॉर्डापेक्षा लॅबमध्येच जास्त असते. लॅब म्हणजे एक लांबट खोली. मधोमध चालायची पट्टी, तिच्याखाली वजन मोजणाऱ्या प्लेटा, भिंतींवर कॅमेरे. पेशंटच्या सांध्यांवर छोटे चमकते गोळे चिकटवायचे, कॅमेऱ्यांना तेवढेच दिसतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणूस नसतोच, नुसते ठिपके चालतात. बाहेरचा उजेड आला की कॅमेरे बावचळतात, म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारी आमच्याकडे अंधार.

त्या दिवशी रविवार होता. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मी लॅब उघडली ती टेलरकाकांसाठी, कारण त्यांच्या मुलाला इतर कुठल्या दिवशी सवड नव्हती. मला काय, रविवार आणि सोमवार सारखेच. घराचं कुलूप मीच लावते आणि मीच काढते.

टेलरकाकांची डावी बाजू गेली होती. बायको आधीच गेलेली. दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे. मुलाने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, वाईट हेतूने नव्हे, बिचारा घाबरला होता. शेवटी बापलेकांत ठरलं, की कुणी न धरता काका पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले तर आपल्या खोलीवर परत, नाहीतर वृद्धाश्रम. आणि चालले की नाही ते मी सांगायचं.

“ताई,” खुर्चीतून उठता उठता काका मला म्हणाले, “दुकानात शिलाईचं मशीन माझी वाट बघतंय. ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.”

“मग आज पाय घसटू नका,” मी म्हटलं.

आता आमचा नियम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधतात आणि आम्ही तो मागून एका हाताने धरतो. सुरुवातीला अक्षरशः माणूस उचलूनच धरावा लागतो. मग रोज हात थोडा हलका करायचा. आणि एक दिवस काढून घ्यायचा, पण सोडताना सांगायचं नाही. हे मला मोठ्या बाईंनी शिकवलं. ही लॅब त्यांनीच उभी केली, मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. “जो पडणार आहे त्यालाच धरायचं,” म्हणायच्या, “आणि सोडताना सांगायचं नाही. सांगितलंस की गुडघा ते ऐकतो आणि वाकतो.” खरंच आहे ते. पेशंटला पुढे कितीतरी वेळ हात पाठीशी आहे असंच वाटत असतं. टोकाला पोचून वळून बघतो तेव्हा त्याला कळतं. कुणी हसतं, कुणी रडतं, एका आजीने मला चप्पल फेकून मारली होती.

मोठ्या बाईंचे हात बर्फासारखे गार असायचे. पेशंट दचकू नये म्हणून हात लावण्याआधी त्या तळवे एकमेकांवर चोळायच्या. कोरडा, खसखस आवाज. आणि निलगिरीच्या तेलाचा वास. निवृत्त झाल्यावर त्याही एकट्याच राहायच्या. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, आणि शेजाऱ्यांना कळायला फार उशीर झाला. जन्मभर लोकांना धरलं हो त्यांनी. त्यांच्या वेळेला धरायला कुणी नव्हतं. हे आठवलं की मला अजून राग येतो, कुणाचा ते मात्र कळत नाही.

असो. काकांना गोळे लावले, पट्टा बांधला, मुलाला मागच्या खुर्चीत बसवलं, दिवे मंद केले. मी पट्टा धरला आणि आम्ही निघालो. काही पावलांनंतर मी हात काढून घेतला. जागच्या जागी थांबले.

काका पुढे चालत राहिले. आणि काय चालले म्हणून सांगू! पाय उचलला जात होता, टाच आधी टेकत होती. खुर्चीतून मुलगा पुटपुटला, “अरे वा...” माझा ऊर भरून आला. मी पाऊल न वाजवता कॉम्प्युटरपाशी गेले.

तेवढ्यात काका म्हणाले, “ताई, हात केवढा गार तुमचा.”

पेशंटला हात जाणवतच असतो, आताच सांगितलं ना तुम्हाला. पण काका पुन्हा म्हणाले, मान न वळवता, “जन्मभर लोकांच्या पाठीला टेप लावली. पाठीवरचा हात मला कळतो. हा... तुमचा नाही.”

मी पडद्याकडे बघितलं. काकांचे ठिपके चालत होते. कमरेच्या पट्ट्यावर मागच्या बाजूला एक गोळा असतो. आम्ही पट्टा धरला की तो वर खेचला जातो, सोडला की खाली बसतो.

तो वर होता.

“मधल्या प्लेटवर थांबा, काका,” मी म्हटलं. काका थांबले. प्लेटने वजन दाखवलं. त्यांचं वजन मी थोड्या वेळापूर्वीच घेतलं होतं, आणि हे त्याहून बरंच कमी होतं. पेशंटला आपण उचलून धरलं की असं होतं. त्याचा काही भार धरणाऱ्याच्या हातात असतो.

काकांच्या मागे कुणीच नव्हतं. काळा पडदा, आणि पट्टीवर मंद उजेड. पंखा बंद, सगळं बंद. निलगिरीचा वास मात्र येत होता... आधी नव्हता.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी पंचाईत समोर उभी होती. मुलगा उठून टाळ्या वाजवायच्या बेतात होता. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर काका त्या संध्याकाळी आपल्या खोलीवर गेले असते. मग जिना, मग मोरी, आणि मागे हा हात असेल की नाही कोण जाणे. मोठ्या बाईंचं न्हाणीघर माझ्या डोळ्यांपुढे आलं. धरलेल्या माणसाला ‘चालतो’ म्हणायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

मी पट्टीपाशी गेले. काकांच्या मागे, थोड्या अंतरावर थांबले. आणि नव्या विद्यार्थिनीला सांगावं तसं, हळूच म्हटलं, “हलका करा हात... थोडा थोडा... सांगू नका त्यांना.”

“कुणाला म्हणता, मॅडम?” मुलगा म्हणाला.

“मलाच. तुम्ही बसा.”

काही झालं नाही. नंतर काकांच्या डाव्या गुडघ्याला बारीकसा कंप सुटला, आणि पडद्यावरचा आकडा चढायला लागला. सावकाश. मी श्वास रोखून बघत होते. काका डुगडुगले, उजवीकडे कलले... माझा हात पुढे गेला, तो मी मागे घेतला. ते सावरले. आकडा त्यांच्या वजनाला येऊन थांबला. पट्ट्यावरचा गोळा खाली बसला.

“चला काका,” मी म्हटलं.

ते चालले. आधीइतकं छान नाही. पाय घसटला, एकदा अडखळले, पण चालले, आणि टोकाच्या कठड्याला हात लावून वळले. मला इतक्या लांब बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “मग... मागे कोण होतं?”

“कुणी नव्हतं,” मुलगा रडत म्हणाला, “कुणी नव्हतं बाबा, तुम्हीच चाललात!” बापलेक एकमेकांना मिठी मारून उभे राहिले. मी पडदे सारले. बाहेर चांगलं ऊन होतं.

टेलरकाका आजही आपल्या खोलीवर आहेत. हा ब्लाऊज त्यांनीच शिवलाय, एक बाही किंचित वर चढते, पण मी बोलत नाही. गोष्ट एवढीच असती तर मी ती हसत सांगितली असती.

ते दोघे गेल्यावर मी आवराआवर केली. कॉम्प्युटर बंद करायचा म्हणून पट्टीवरून पलीकडे निघाले. मधल्या प्लेटवर पाय पडला तेव्हा मागे, अगदी जवळ, कोरडे तळवे चोळल्याचा आवाज आला. खसखस... आणि माझ्या कमरेवर, पाठीच्या मधोमध, एक गार हात टेकला.

मी वळले नाही. समोर पडद्यावर माझं वजन दिसत होतं. कमी होतं.

घाबरले का? घाबरले तर. पण एक सांगू? माझ्या पाठीवर कुणी हात ठेवून इतकी वर्षं झाली होती, की मी तिथेच उभी राहिले. बराच वेळ. घरी जायला निघाले तेव्हा तो हात बरोबर आला. जिन्यावर, रस्त्यात, न्हाणीघरात. रोज सकाळी लॅबमध्ये गेले की मी आधी प्लेटवर उभी राहते, आणि वजन कमी भरतं. घरच्या काट्यावरही कमीच. मी ठणठणीत आहे, सगळ्या तपासण्या करून घेतल्या. पण जो पडणार आहे त्यालाच आम्ही धरतो, हे मला सारखं आठवत राहतं. मग वाटतं, असू दे, हात आहे ना.

आज सकाळी प्लेटवर उभी राहिले. वजन पूर्ण भरलं. पुन्हा पुन्हा बघितलं, घरी येऊन काट्यावरही बघितलं. पूर्ण.

आणि हात अजून आहे पाठीवर. आत्ताही, तुमच्याशी बोलतेय ना, आत्ताही मला तो जाणवतोय, सोडल्यावर पेशंटला जाणवतो तसा. गार.

चला, उशीर झाला, निघते. जिना उतरेपर्यंत येता का जरा सोबत? धरायला नको, नुसते मागे या... बरं, धरा. पण एवढं करा माझ्यासाठी. सोडाल तेव्हा सांगा.