टुकच्या डब्यातली साखर

दोन ग्रहांच्या मैत्रीचा सुवर्णाध्याय आज सुरू होत आहे, असं लोणारच्या अवकाशतळावर ध्वनिक्षेपकावरून घुमत होतं. त्याच सुमारास शाल्मलीच्या आईने तो अध्याय जवळजवळ संपवला होता.

झालं असं. शेजारची झिरमी परग्रहावरची. वर्षभर तिने यांच्या गच्चीतल्या वांग्यांना पाणी घातलं, आप्पाआजोबांचा गुडघा सहा हातांनी चेपून दिला. आज संध्याकाळी ती तान्ह्या टुकला घेऊन परत निघाली होती. टुकचं जेवण म्हणजे त्यांच्याकडच्या एका दगडाची पांढरी पूड. दमट हवेने ती बिघडू नये म्हणून आईने आपल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली होती. डबा देताना आईला तो जरा रिकामा दिसला. इतकं करणाऱ्या शेजारणीला अपुरा डबा कसा द्यायचा? तिने वरून पिठीसाखर ओतली आणि डबा चांगला गदागदा हलवला.

आईने हे कौतुकाने सांगताच झिरमीचा निळा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, यात चौथ्या हिश्शाहून जास्त साखर असेल तर टुक वाचणार नाही. आणि वाटेत दुसरं खाणं नाही."

"किती घातलीस गं?" शाल्मलीने विचारलं.

"अंदाजाने," आई पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

"चाळून वेगळी करू?"

"दोन्ही सारखीच बारीक," आप्पा म्हणाले. ते निवृत्त स्फटिकशास्त्रज्ञ. स्वयंपाकघरात त्यांचा सल्ला प्रथमच कुणी ऐकत होतं. "पाण्यात दोन्ही विरघळतात. चिमूटभर पूड घे आणि माझ्या यंत्राकडे चल."

वरच्या खोलीत यंत्रातून क्ष-किरण पुडीवर पडू लागले आणि आप्पा समजावू लागले. "दोन्ही पदार्थ स्फटिक आहेत (म्हणजे ज्यांचे अणू-रेणू शिस्तीत रांगा करून बसतात असे). रांगांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. म्हणून किरण प्रत्येकाकडून आपापल्या ठरावीक कोनांत जोरात बाहेर पडतात. याला विवर्तन म्हणतात. पडद्यावर त्या कोनांशी शिखरं उमटतात. ते बघ, हे साखरेचं, ते पुडीचं."

"पुडीचं बारापट उंच आहे. म्हणजे पूड बारापट," शाल्मली म्हणाली.

"वरातीत ढोलाचा आवाज सनईच्या बारापट आला, तर ढोलवाले बारापट असतात का?"

शाल्मली थांबली. "नाही. एकटा ढोलवालाच पुष्कळ आवाज करतो. आधी एक ढोल आणि एक सनई शेजारी वाजवून बघायला हवं."

आप्पांनी वजनकाटा पुढे सरकवला.

शाल्मली धावतच खाली गेली. टुकच्या वाटीत सकाळची निव्वळ पूड थोडी उरली होती. तिने तेवढ्याच वजनाची पिठीसाखर घेऊन दोन्ही नीट मिसळलं आणि यंत्रात ठेवलं. या वेळी पुडीचं शिखर तिप्पट उंच आलं.

"वजन सारखं असताना तिप्पट," ती हळूहळू म्हणाली. "डब्यात बारापट. बाराला तिनाने भागलं की चार. पूड चार भाग, साखर एक भाग. पाचातला एक."

"आणि झिरमीची मर्यादा?"

"चारातला एक. आप्पा, टुक वाचला."

"मात्र त्याला चार चमच्यांऐवजी पाच चमचे द्यायला सांग. पोटात पूड तेवढीच जायला हवी."

झिरमीने सहाही हात जोडले. "आमच्याकडे घेतलं तेवढंच परत करतात. जास्त देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. वहिनी, ही गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगेन."

"तू वर्षभर केलंस त्यापुढे मूठभर साखर ती काय," आई डोळे पुसत म्हणाली.

शाल्मलीने मात्र ठरवून टाकलं होतं, मोठेपणी झिरमीच्या ग्रहावर जायचं आणि तिथल्या एकेका दगडाच्या रांगा मोजायच्या.

संध्याकाळी अवकाशतळावर यानाचं दार बंद होऊ लागलं. आई दोन पावलं धावली.

"झिरमी, डबा तेवढा आठवणीने परत पाठव हं. आणि रिकामाच पाठव."