अकरा मिनिटं चाळीस सेकंद

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून भंगारात निघालेलं एक यंत्र धाकटीनं रीतसर अर्ज करून घरी आणलं. सतरा वर्षं ती त्याच लॅबमध्ये सहायक होती. कुठलं यंत्र खरंच मेलंय आणि कुठलं नुसतं दमलंय, हे तिला पंख्याच्या आवाजावरून कळायचं. हे दमलेलं होतं. तिनं धूळ झाडली, मेमरीची पट्टी बदलली, जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि त्यावर मीडिया प्लेयर बसवला. घरातल्या चित्रफिती, गाणी, फोटो एका जागी नीट मांडून दाखवणारा. कुठली फीत किती वेळा पाहिली, कुठे थांबवली, हेसुद्धा तो लक्षात ठेवायचा.

पहिले दोन दिवस त्रास झाला. चित्र अडखळत होतं, पडदा चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बदलल्यावर सुधारलं. आवाज टीव्हीतून न येता यंत्राच्या पोटातून कुरकुरत होता, तोही तिनं ताळ्यावर आणला. शेवटी तिनं असं करून ठेवलं की बटण दाबताच यंत्रानं पासवर्ड न मागता उठावं आणि प्लेयर सरळ पूर्ण पडद्यावर उघडावा. कीबोर्ड काढून कपाटात टाकला. रिमोट स्वतःच्या खिशात.

"सरांचा वेळ छान जाईल हो," मावशी म्हणाल्या. मावशी दिवसभर सरांचं करायला यायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं भरवणं.

"जाईल ना," धाकटी म्हणाली.

सर म्हणजे तिचे वडील. हाडाचे हेडमास्तर. घरातसुद्धा त्यांना सगळे सरच म्हणत, आईसुद्धा. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. दादा परदेशी. तो फोनवर म्हणाला, "तू एकटीच आहेस, तुला काय जड जाणार?" म्हणून बेचाळीस वर्षांच्या धाकटीच्या दोन खोल्यांत सर आले. ज्या माणसाचा आवाज फाटकाशी ऐकू आला की अख्ख्या घराची पाचावर धारण बसायची, त्याला आता मान वळवता येत नव्हती. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला होता.

सरांसाठी म्हणून तिनं एकच फीत चढवली होती.

शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर घेतलेली, दादा बोर्डात आला त्या दिवसाची. जुन्या क्वार्टरमधली बैठकीची खोली, सतरंजीवर नातेवाईक, खुर्चीत सर, त्यांच्या शेजारी दादा. पेढे वाटून होतात. मग सरांना लहर येते. दहा वर्षांच्या धाकटीला ते मधोमध उभी करतात. "एकोणिसाचा पाढा म्हण." ती म्हणते. "एकोणीस साते" शी अडते. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडते. लोक हसायला लागतात. मागे आतल्या खोलीच्या दाराशी ट्रे घेऊन उभी असलेली आई म्हणते, "राहू द्या ना आता." त्यावर सर कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "तू बोलूच नकोस. हे डोकं तुझ्याच माहेरचं." सगळे खो खो हसतात. आई मान खाली घालते. फीत संपेपर्यंत ती मान वर होत नाही. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. धाकटीला आईचं हसू आठवत नसे. आठवायची ती ही खाली घातलेली मान.

रोज साडेतीनला ती लॅबमधून यायची. मावशींना गॅलरीत चहा द्यायची, सरांची खुर्ची टीव्हीसमोर नीट लावायची, मानेचा पट्टा एक भोक घट्ट करायची आणि रिमोट दाबायची. आवाज मोठा. संपली की पुन्हा. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. सरांनी डोळे मिटले की ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणायची, "सर, लक्ष कुठंय?" हे त्यांचंच वाक्य होतं, शब्दाला शब्द. मग ते डोळे उघडायचे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. ते पुसायला ती उठली नाही. त्या रात्री ती गाढ झोपली.

नवव्या दिवशी आईनं मान वर केली.

धाकटीला वाटलं, हे आपण आधी पाहिलंच नसेल. लोक हसताहेत, आईची मान खाली आहे, आणि शेवटच्या मिनिटात ती सावकाश वर होते. आई काही करत नाही. समोर बघते. तिनं तेवढा तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. तीस वर्षांनी का होईना, आई वर बघत होती.

"बघा, सर," ती म्हणाली. "बघा तिच्याकडे."

सर बघत होतेच.

दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष आकड्याकडे गेलं. फितीखाली प्लेयर दाखवत होता, एकतीस वेळा पाहिली. तिच्या हिशेबानं बावीस व्हायला हवं होतं. मावशींना विचारलं तर त्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, "मला नाही बाई ते चालवता येत. मला वाटलं तुम्हीच फोनवरून लावता सकाळचं. अकराला आपोआप सुरू होतं की."

"रोज?"

"रोज. आणि सर किती शांत बसतात त्या वेळी. तुमच्या आई दिसल्या की नुसते बघत राहतात."

तिनं यंत्राची नोंद उघडली. फीत अकरा वाजता सुरू झाल्याचं लिहिलं होतं, कुणी सुरू केली ते नव्हतं. आपणच कुठेतरी वेळ लावून ठेवली असेल म्हणून तिनं सगळ्या सेटिंगा तपासल्या. कुठेच काही नव्हतं. मग रोज निघताना ती यंत्र बंद करून प्लगसुद्धा काढायला लागली. मावशी म्हणाल्या, तरी अकराला लागतं. धाकटीनं विचारलं, प्लग कोण लावतं? मावशी म्हणाल्या, "लावलेलाच असतो की."

त्या आठवड्यात फितीतली मुलगी "एकोणीस पाचे" शी अडली.

धाकटी ताठ बसली. सात होतं. सातच होतं. त्या सातानं तिचं अख्खं आयुष्य नासवलं होतं, ते ती विसरेल कशी? तिनं फीत पुन्हा लावली. "एकोणीस पाचे," मुलगी म्हणाली आणि ओठ चावू लागली. दोन दिवसांनी ती "एकोणीस त्रिक" च्या पुढे गेली नाही. लोक लवकर हसू लागले होते. लांबी मात्र तीच, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. उरलेल्या वेळात आई दाराशी उभी राहून हसणाऱ्यांकडे बघत होती, आणि तिच्या ओठांची कड किंचित वर चढली होती.

फाइल बदलली की तिची खूण बदलते, हे धाकटी दरवर्षी नव्या मुलांना शिकवायची. अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. फायलीत एक कण जरी हलला तरी ती ओळ साफ वेगळी येते. चढवली त्या दिवशीची खूण तिच्याकडे लिहिलेली होती. तिनं आजची काढली. बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. दोन्ही एकच होत्या.

तिनं फाइल लॅबमध्ये नेली, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्लेयरवर लावली. एकोणीस त्रिक. मूळ कॅसेट काढून लॅबमधल्या जुन्या व्हीसीआरमध्ये घातली. एकोणीस त्रिक.

म्हणजे सात फक्त तिच्या डोक्यात उरलं होतं.

तिनं दादाला फोन लावला. "दादा, तुझ्या सत्काराच्या दिवशी मी पाढ्यात कुठे अडकले होते?"

"कसला पाढा?"

"सरांनी मला उभं केलं होतं ना, सगळ्यांसमोर."

दादा हसला. "अगं, तू कुठे होतीस बाहेर? सकाळपासून काहीतरी भोकाड पसरलं होतंस, म्हणून आईनं तुला आत कोंडलं होतं. मला चांगलं आठवतंय. मस्त झाला होता तो दिवस. आई किती हसत होती."

"आईनं कोंडलं?"

"मग काय सरांनी? सर असलं काही करायचे नाहीत हं. उगाच आता त्यांच्या नावावर खपवू नकोस. ते बोलू शकत नाहीत म्हणून—"

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. दार उघडताना भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. प्लग लावलेला होता. मावशी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. सरांची खुर्ची टीव्हीसमोर होती, आणि मानेचा पट्टा कुणीतरी एक भोक सैल केला होता.

ती खुर्चीमागे उभी राहिली.

अकराला पडदा उजळला.

सतरंजी, नातेवाईक, पेढे. सरांनी मुलीला बोलावलं. मुलगी मधोमध आली आणि "एकोणीस एके" सुद्धा म्हणाली नाही. नुसती उभी राहिली. कुणी हसलं नाही. मागे दाराशी आईनं ट्रे खाली ठेवला.

आई निघाली. लोकांच्या मधून वाट काढत पुढे आली. धाकटीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आई फितीत कधीच पुढे आली नव्हती. आई वाकली, मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, तिचा हात हातात घेतला.

"आई," धाकटी म्हणाली. मोठ्यांदा म्हणाली.

आई मुलीला घेऊन मागे वळली. दोघी आतल्या दाराशी गेल्या. मुलगी विश्वासानं चालत होती. तिनं आईचा पदर धरला होता.

आईनं एकेक बोट सोडवून पदर काढून घेतला.

मुलीला आत ढकललं. दार ओढलं. कडी सरकवली.

मग ती हात झटकत आली आणि सरांशेजारी, खुर्चीच्या हातावर, बसली. सर काहीतरी पुटपुटले. आई हसली. धाकटीला कधी न आठवलेलं हसू ते. स्वच्छ, मोकळं, दात दिसणारं. दादा हसला, सतरंजीवरचे सगळे हसले. दारावर आतून थापा पडत होत्या, पण फितीत त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

खुर्चीतून घुसमटल्यासारखा आवाज आला. धाकटीनं वाकून पाहिलं.

सर हसत होते. अर्ध्या तोंडानं.

तिनं तिथल्या तिथे कपाटातून कीबोर्ड काढला. फीत पुसली, लॅबमधली प्रत फोनवरून पुसली, प्लेयर मुळासकट उपटला, प्लेयरनं साठवलेली छोटी चित्रंसुद्धा शोधून शोधून काढून टाकली. कॅसेटची फीत बाहेर ओढून कात्रीनं कापली. यंत्र उचलून ती स्वतः भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवून आली. टीव्हीवर चादर घातली.

त्यानंतर तीन दिवस काही झालं नाही. सरांची खुर्ची तिनं खिडकीकडे वळवून दिली. पट्टा सैलच ठेवला. एकदा मावशींच्या हातातला चमचा घेऊन तिनं स्वतः त्यांना भरवलं. ते जेवले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी ती साडेतीनला आली तर मावशींचा चेहरा फुलला होता.

"ताई, सर बोलले!"

धाकटीच्या खांद्यावरची पिशवी घसरली. "काय बोलले?"

"अडखळत, पण स्पष्ट. मला म्हणाले, कडी काढू नको." मावशी हसल्या. "मी विचारलं, कुठली हो कडी? तर म्हणे, ती सांगते तसं कर. कोण ती, ते काही कळेना. मी आपलं म्हटलं, बरं, नाही काढत. तेव्हा कुठे डोळा लागला बघा."

मावशींनी पदराला हात पुसले, चपला घातल्या. "येते मग. दादांना फोन करा हं, खूश होतील."

धाकटी सरांच्या खोलीत गेली. खुर्ची खिडकीशी नव्हती. दाराकडे तोंड करून होती. सर जागे होते. त्यांनी तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यामागे पाहिलं, जरा वर, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं तसं. आणि संमतीदर्शक मान हलवली.

जिन्यावर मावशींच्या चपला वाजत होत्या. एक मजला, दुसरा मजला. खाली फाटक उघडलं आणि लागलं.

त्या घरात बाहेरून कडी असलेलं दार एकच होतं, सरांच्या खोलीचं. सर आले त्या आठवड्यात धाकटीनंच सुतार बोलावून ती बसवून घेतली होती. आपण लॅबला गेल्यावर आणि मावशी येईपर्यंत सर कुठे जाऊ नयेत म्हणून. जाणार कुठे होते, असं सुतार म्हणालाही होता.

तिच्या पाठीमागे दार ओढलं गेलं, आणि कडी सरकली. घाई न करता, सवयीच्या हातानं.