काळोखातला वेळू

"झिलू, होडीवरच्या मांडवाला लोंबकळला होतास ना?" ताराने विचारलं.

"न्हाई. आईची आन."

काळी नदीच्या डोहाकाठी ताराच्या बाबांची शिडाची होडी बांधलेली होती. सुकाणूपाशी बसायच्या जागेवर मारुतीकाकांनी वेळूच्या कमानींचा सांगाडा उभारला होता. त्यावर ताडपत्री टाकायची, खाली केशरला निजवायचं, पल्याडच्या धक्क्यावर उतरवून जीपने दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं होतं. ताराची ही धाकटी बहीण तापाने पार वाळली होती. ऊन तिला सोसणार नव्हतं. आणि आज, निघायच्या दिवशीच, कमानी मोडल्या. पोरांचाच उद्योग म्हणून काकांनी तारा, झिलू आणि गुणा या तिघांना होडीजवळ फिरकायला बंदी केली.

तरी तिघं आलीच. गुणाने कमानीखालून बोट फिरवलं. बोटाला पिवळं पीठ.

"काकांनी सांगाड्याला पावडर लावलीय काय रे?"

झिलूने तुकडा चिरला. आत भोकंच भोकं, आणि वळवळते भुंगे. त्याच्या बापाने, लखूने, वेळू काळोखातच तोडा असं काकांना बजावलं होतं.

वेळू कधी तोडला ते काढून घ्यायला ताराने काकांपाशी जाऊन त्यांच्या मेहनतीचं कौतुक आरंभलं. बेळगावात वाढलेले काका खुलले. लखूचं ऐकून दिवस मावळल्यावरच रानात गेलो, म्हणाले. दीड महिन्यामागची होळीची पुनव होती ती, चांदणं असं लख्ख की कंदीलसुद्धा लागला नाही.

"काका," झिलू हळूच म्हणाला, "काळोख म्हंजे अंधारा पंधरवडा. पुनवेचा वेळू गोड असतोय. भुंगा सोडत न्हाई."

काका तडक होडीकडे निघाले.

नवा वेळू तोडायचा तर अंधारा पंधरवडा लागायला अजून आठ दिवस होते. एवढं थांबणार कोण? झिलूने बापाला गाठलं. लखूने शेतराखणीचा आपला माळा मोडून जुने, खणखणीत वेळू दिले. विस्तवावर शेकत, वाकवत, वेताने आवळत पोरांनी दोन दिवसांत पाच कमानी उभ्या केल्या. बाबा कमानीला लोंबकळले, तरी ती करकरली नाही.

ताडपत्री बांधायची तेवढी राहिली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे केशर गेली.

ताडपत्री आठवड्याने बांधली, शेजारच्या रुक्मिणीवैनीसाठी. अवघडलेली होती, कळा थांबेनात. होडी निघताना काठावर गाव जमलं होतं. लखूने पोरांच्या पाठी थोपटल्या. काकांनी हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी होती. पोरं माझ्यापेक्षा शहाणी निघाली."

ताराने मान वर केली नाही. ती होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उन्हात बसली होती.

"आत ये गं," वैनीने हाक मारली. "जागा हाय."

"नको, वैनी. तू पाय पसर." तारा म्हणाली. "सगळी जागा तुझीच आहे."