उत्तर उतारावरची वाट

सेंट्रल ओटागोच्या डोंगरमाथ्यावर तीनशे मेरिनो मेंढ्या बर्फात अडकल्या होत्या, आणि संध्याकाळी दुसरं वादळ येणार होतं. त्याआधी त्या खाली आणायच्या, म्हणून नीलिमा दोन माणसं आणि बॅश नावाचा कुत्रा घेऊन उजाडताच निघाली.

शिकायला पुण्याहून आलेली नीलिमा इथेच रमली होती. नऊ वर्षांत ती या अफाट शीप स्टेशनची, म्हणजे डोंगरभर पसरलेल्या मेंढीफार्मची, मुख्य मेंढपाळ झाली होती. सोबत होता म्हातारा वायरेमू; त्याचे चाळीस हिवाळे याच डोंगरांत गेले होते. आणि मुंबईचा अनिरुद्ध, मेंढ्यांच्या गळ्यातले जीपीएस पट्टे सांभाळणारा इंजिनिअर.

पहिल्या खिंडीत ते दम खायला थांबले. खाली टसॉकचं झुपकेदार सोनेरी गवत क्षितिजापर्यंत लोळत होतं, मधून निळी नदी, नदीवर वीज करणारं धरण. झाडं नावालाच.

"एवढ्या ओसाड जागेत काय ठेवलंय?" अनिरुद्धने विचारलं.

"ओसाड?" नीलिमा उसळलीच. "तुझ्या अंगातला थर्मल याच गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीचा. वेलिंग्टनमधले दिवेसुद्धा याच नदीवर लागतात. आमच्या गवताला नावं ठेवायची नाहीत!"

वायरेमूला मराठी कळत नव्हती, तरी तो हसला.

दुपारपर्यंत ते कमरेइतक्या बर्फातून कळपापाशी पोचले. मेंढ्या एका खळग्यात अंगाला अंग लावून उभ्या होत्या. बॅश भुंकला, पण एकही हलेना! खोल बर्फात मेंढी स्वतः वाट काढत नाही. माणसाने बर्फ तुडवून द्यावा लागतो.

"दक्षिणेच्या उतारावरून जाऊ," अनिरुद्ध म्हणाला. "तिकडे ऊन लागून बर्फ वितळला असेल."

"हे पुणे-मुंबई नव्हे रे! हा दक्षिण गोलार्ध, इथे सूर्य उत्तरेकडून तापवतो. उत्तर उतार!"

तिघं एका रांगेत बर्फ तुडवू लागले. पाय, काठी, पाय, काठी. मांड्या भरून आल्या. वायरेमूने पहिल्या मेंढीला शिंगं धरून वाटेवर ओढलं. ती दोन पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली. मग दुसरी. मग तिसरी! पाहता पाहता पांढऱ्या उतारावर करड्या मेंढ्यांची लांबच लांब रांग लागली.

तेवढ्यात अनिरुद्धचा रिसीव्हर टिकटिकला. तीनशेतल्या तीस-एक मेंढ्या अजून वरच्या कड्याखाली होत्या.

"मी आणते," नीलिमा वळली. त्यातल्या कितीतरी माद्या तिने कोकरं असताना बाटलीने वाढवल्या होत्या. ती शंभर पावलं चढली. इतक्यात पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला. बर्फात बारीक चीर धावत गेली.

ती जागच्या जागी थिजली.

"नीलिमा!" खालून वायरेमू ओरडला. "तू ठरवशील तसं! पण कड्यावरचा बर्फ जड झालाय, कधीही सुटेल!"

वर मेंढ्या तिच्याकडे बघत होत्या. हाक मारली असती तर त्या खाली आल्याही असत्या, अख्खा उतार सोबत घेऊन. खाली दोन माणसं होती, पावणेतीनशे जीव होते.

तिने ओठ घट्ट मिटले आणि आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत मागे फिरली.

रांगेतली शेवटची मेंढी वळणाआड जाते न जाते तोच डोंगर गडगडला! कड्यावरचा बर्फ सुटला आणि मघाशी नीलिमा उभी होती ती जागा गाडून टाकत दरीत कोसळला. अनिरुद्धने तिच्या हातातली काठी घेतली आणि तो पुढे होऊन वाट तुडवू लागला.

वादळाचे पहिले कण पडत असताना कळप खालच्या गवतात उतरला. फाटकापाशी मालकीणबाई टेस उभी होती.

"वर किती राहिल्या?"

"तीस. माझ्या निर्णयाने."

टेसने डोंगराकडे पाहिलं. "माझे वडील असेच वीस मेंढ्यांसाठी वर गेले होते," ती म्हणाली. "ते परत आले नाहीत. तू आलीस. शाबास, पोरी!"

नीलिमाचे डोळे भरून आले. समोर मेंढ्या बर्फ झटकत सोनेरी गवतात तोंड घालत होत्या. तिने मान ताठ केली, शीळ घातली आणि कळपामागून फाटकात शिरली.